गाळाची साक्ष

प्राचीन इतिहासाच्या आपल्याकडील पुस्तकांत एक वाक्य वारंवार भेटते : पुढे पर्जन्यमान घटले आणि वस्ती उठली. हडप्पा संस्कृतीच्या प्रकरणाअखेर ते येते, दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन गावांच्या प्रकरणाअखेरही येते. वाक्य छोटे आहे, समजायला सोपे आहे, आणि ज्या मुलखाने पिढ्यानपिढ्या दुष्काळ पाहिले त्याला ते लगेच पटते.

या वाक्यात दोन विधाने आहेत. पाऊस कमी झाला, हे पहिले. त्यामुळे माणसे गेली, हे दुसरे. पहिल्याचा पुरावा निसर्गात शोधायचा असतो आणि दुसऱ्याचा माणसांच्या वस्तीत. दोन्ही पुरावे स्वतंत्रपणे मिळवायचे, त्यांच्या तारखा ताडून पाहायच्या आणि मगच मधला 'आणि' लिहायचा, असा खरा क्रम आहे. घडते मात्र बऱ्याचदा उलटे. वस्ती उठलेली दिसते, कारण हवे असते, मग पाऊस बोलावला जातो.

मी भूशास्त्राचा किंवा पुरातत्त्वाचा विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि हिशेब तपासण्याची नोकरी एवढेच माझे औपचारिक भांडवल. इंग्रजी शोधनिबंध मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत आलो. पण हिशेब तपासणाऱ्याला एक सवय असते. दोन वह्यांतल्या रकमा जुळतात असे कोणी म्हटले की तो आधी तारखा पाहतो. तळ्याच्या गाळावरचे संशोधन आणि आपल्या मुलखाचा इतिहास या दोन वह्या मी गेली काही वर्षे तशाच समोरासमोर ठेवून पाहतो आहे. त्यातून जे दिसले ते या लेखात मांडतो.

गाळ काय नोंदवतो

दर पावसाळ्यात ओढे तळ्यात माती आणतात. वारा धूळ आणि परागकण आणतो. पाण्यातल्या गोगलगायी मेल्या की त्यांचे शंख तळाशी बसतात. पाणी फार आटले तर त्यात विरघळलेले क्षार स्फटिक होऊन खाली उतरतात. हे सारे थरावर थर साचत जाते. तराफ्यावरून पोकळ नळी तळात दाबून हा गाळ क्रम न मोडता उभाच्या उभा बाहेर काढतात. त्याला गाळाचा गाभा म्हणतात. तो लांबीत चिरला की काळे, करडे, पिवळट पट्टे दिसतात, आणि प्रत्येक पट्ट्यातून नमुने घेऊन तपासणी सुरू होते.

परागकणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की ते हजारो वर्षे टिकते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या आकारावरून आणि नक्षीवरून वनस्पतीचे कूळ, कधी कधी जातही ओळखता येते. गवताचे कण किती, झाडांचे किती, पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्यांचे किती, हे मोजले की त्या काळच्या परिसराचे चित्र उभे राहते. गाळाच्या कणांचा जाडेभरडेपणा पाण्याच्या ओढीचा अंदाज देतो.

शंखांची साक्ष त्याहून सूक्ष्म असते. पाण्यातल्या प्राणवायूचे हलके आणि जड असे प्रकार असतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. बाष्पीभवन होताना हलका प्रकार आधी उडून जातो, जड मागे उरतो. गोगलगाय त्याच पाण्यातून आपला शंख घडवते. म्हणून शंखात जड प्राणवायू वाढलेला दिसला, की तळे आटत होते असे म्हणता येते. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो, तोही गाळात टिकतो. त्यातल्या कर्बाच्या समस्थानिकांवरून ते मेण मुख्यतः झाडाझुडपांचे, की उष्ण कोरड्या माळावरच्या गवताचे, हे कळते.

एवढे झाले तरी तारीख उरतेच. ती बहुधा किरणोत्सारी कर्बावरून, म्हणजे कर्ब-१४ वरून ठरते. सजीव मेल्यानंतर त्याच्यातला हा कर्ब ठरावीक वेगाने घटतो. ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पण हवेतल्या कर्ब-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. त्यामुळे प्रयोगशाळेतून आलेली 'कर्ब-वर्षे' झाडांच्या वाढीच्या कड्यांसारख्या नोंदींशी ताडून आपल्या पंचांगाच्या वर्षांत आणावी लागतात. आजपासून पाच-सहा हजार वर्षांमागे गेले की या दोन आकड्यांत शेकडो वर्षांचा फरक पडतो. शिवाय पाण्यात जुन्या चुनखडीचा कर्ब विरघळलेला असेल, तर त्या पाण्यातले शंख आणि शेवाळ आपल्या खऱ्या वयापेक्षा जुने भासतात. म्हणून जमिनीवरच्या झाडाचा तुकडा किंवा बी मिळाले तर संशोधक त्यावर अधिक भरवसा ठेवतात. हे तपशील कंटाळवाणे वाटतील, पण पुढची सारी हकीकत त्यांच्यावरच उभी आहे.

राजस्थानची तळी

भारतात या कामाची पहिली मोठी गोष्ट थरच्या वाळवंटात घडली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत काम केलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेलेले परागशास्त्रज्ञ गुरदीप सिंग यांनी सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या खाऱ्या तळ्यांच्या गाळातले परागकण मोजले. १९७१ मध्ये त्यांनी सिंधू संस्कृतीचा आणि या गाळाचा संबंध मांडला. १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा विस्तृत निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यांच्या मते आज जिथे रखरखाट आहे तिथे एके काळी पाऊस बराच जास्त होता. त्या ओल्या काळात हडप्पा संस्कृती बहरली आणि पाऊस हटला तशी ती कोलमडली.

काम मोठ्या कष्टाचे होते आणि चित्र रेखीव होते. ते पाठ्यपुस्तकांत गेले. अडचण तारखांची होती. गाळाच्या तारखा कर्ब-वर्षांत होत्या. त्या पंचांगाच्या वर्षांत आणल्या की ओला काळ मागे सरकू लागला आणि हडप्पाची शहरे त्या ओल्या काळाच्या बाहेर पडू लागली.

१९९९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लुणकरणसरवरचा नवा निबंध आला. येहुदा एन्झेल यांच्यासह तो लिहिणाऱ्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि शीला मिश्र हेही होते. त्यांच्या गाळानुसार हे तळे सुमारे ६,३०० कर्ब-वर्षांपूर्वी एकदम भरले आणि सुमारे ४,८०० कर्ब-वर्षांपूर्वी पूर्ण कोरडे पडले. पंचांगाच्या हिशेबात हे कोरडे पडणे आजपासून सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे येते. हडप्पाच्या भरभराटीचा काळ इ. स. पूर्व सुमारे २६०० ते १९०० असा धरतात. म्हणजे लुणकरणसर आटून कित्येक शतके लोटल्यावर त्या प्रदेशात ही नगरे उभी राहिली. ज्या तळ्याच्या आटण्याने संस्कृती संपली असे सांगितले जात होते, ते तळे संस्कृती सुरू होण्यापूर्वीच आटले होते.

मग पावसाचा काहीच संबंध नव्हता का? तसेही नाही. हरियाणातल्या कोटला डाहर या प्राचीन तळ्यातले शंख यमा दीक्षित आणि सहकाऱ्यांनी तपासले. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले, की सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी तिथला उन्हाळी मान्सून अचानक दुबळा झाला. ही तारीख शहरे ओस पडू लागण्याच्या काळाला बरीच जवळची आहे. पण त्यानंतर माणसे नाहीशी झाली नाहीत. मोठी नगरे विस्कटली आणि पूर्वेकडे लहान लहान गावांची संख्या वाढली. वरीसारखी तृणधान्ये, भात, कडधान्ये अशी वेगवेगळ्या हंगामांतली पिके घेण्याची रीत त्या भागात होतीच, ती उपयोगी पडली. नगररचना मोडली, शेती टिकली. 'ऱ्हास' या एका शब्दात आपण या दोन्ही गोष्टी कोंबतो.

लोणारचे दहा मीटर

आता आपल्या मुलखात येऊ. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार उल्कापाताने झालेले विवर म्हणून सर्वांना माहीत आहे. काळ्या बसाल्ट खडकात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आणि त्याच्या तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. त्याचे वय किती यावरही दोन मते आहेत. एका पद्धतीने ते ५० हजार वर्षांच्या आसपास येते, दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छायाचित्रे छापली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले.

पाऊस मोजण्याच्या दृष्टीने लोणारचे महत्त्व निराळे आहे. या तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाऊस, ओहोळ आणि झरे यांचे पाणी आत येते आणि बाहेर फक्त वाफ जाते. त्यामुळे पाऊस घटला की पाणी आटते, खारेपणा वाढतो आणि त्याची नोंद तळाशी उमटते. मध्य भारतात, मान्सूनच्या ऐन पट्ट्यात, इतका लांब आणि सलग गाळ देणारी नैसर्गिक तळी फार थोडी आहेत.

सुषमा प्रसाद आणि त्यांच्या भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाभा काढला. त्यात गेल्या अकरा हजार वर्षांचा गाळ आहे. खालच्या भागात पावसाने जोर धरल्याची चिन्हे आहेत. वरच्या भागात दोन दीर्घ कोरडे काळ दिसतात. पहिला आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या दोन्ही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. पाणी आटून क्षार फार दाट झाले की ते तयार होतात. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य भारतातल्या शेतकरी वस्त्या या दोन कोरड्या काळांच्या मधल्या वर्षांत बहरल्या, असेही त्यांत म्हटले आहे.

हे आकडे मी इसवी सनात मांडले आणि शेजारी दख्खनचा इतिहास लिहिला. पहिला कोरडा काळ इ. स. पूर्व सुमारे २६५० ते १९५०. दुसरा इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. १३५० पर्यंत. या दोन रकान्यांकडे पाहताना तीन गोष्टी नजरेत भरल्या.

पहिली हडप्पाची. लोणारचा पहिला कोरडा काळ आणि सिंधूकाठच्या शहरांचा भरभराटीचा काळ जवळजवळ एकच आहे. दोन्ही प्रदेश वेगळे, नद्या वेगळ्या, त्यामुळे यातून फार काढता येणार नाही. तरी मान्सून एकच आहे. एका तळ्याच्या साक्षीवर सबंध देशाचा निकाल देऊ नये, एवढे तरी यातून शिकावे.

इनामगावचा प्रश्न

दुसरी गोष्ट इनामगावची. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. ह. द. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक वर्षे उत्खनन केले. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचे इतके बारकाईने उकललेले दुसरे गाव क्वचितच सापडेल. माळवा काळ, आद्य जोर्वे काळ (इ. स. पूर्व सुमारे १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे काळ (इ. स. पूर्व सुमारे १००० ते ७००) असे वस्तीचे तीन टप्पे तिथे आहेत. आद्य जोर्वे काळात चौकोनी प्रशस्त घरे आहेत, धान्याचे कोठार आहे, नदीच्या पुराचे पाणी वळवणारा पाट आणि बंधारा आहे. उत्तर जोर्वे काळात घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गव्हासारखी पाण्याची पिके मागे पडतात, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. पुढे वस्ती उठते.

ढवळीकरांनी याचे कारण वाढती कोरड असे मांडले. त्यांच्यासमोर त्या वेळी जो पुरावा होता त्यावरून हे अनुमान सुसंगत होते. त्यांनी मांडलेले घरांचे आणि हाडांचे निरीक्षण आजही पक्के आहे. पण त्या वेळी लोणारचा गाभा कोणाच्या हाती नव्हता. आज तो आहे, आणि इ. स. पूर्व १००० ते ७०० हा काळ त्याच्या दोन्ही दीर्घ कोरड्या काळांच्या बाहेर पडतो. लोणारच्या गाळाप्रमाणे पाहिले तर इनामगाव संकटात सापडले ते दोन अवर्षणांच्या मधल्या, तुलनेने बऱ्या दिवसांत.

गोदावरीचा गाळ थोडे वेगळे सांगतो. ही नदी दख्खनची माती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. तिच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून काढलेल्या गाभ्यातले पानांवरचे मेण कामिलो पोंटन, लिव्यू जोसान आणि सहकाऱ्यांनी तपासले. २०१२ च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या माळरानाच्या वनस्पती वाढत गेल्या आणि सुमारे १,७०० वर्षांपूर्वी आणखी वाढल्या. या हिशेबाने इनामगावचे लोक हळूहळू कोरड्या होत जाणाऱ्या मुलखात राहत होते. ढवळीकरांच्या बाजूने इतके म्हणता येईल.

मात्र सावकाश कोरडे होणे आणि अवर्षणाचा घाला पडणे यांत फरक आहे. पहिल्यात माणसाला वागणे बदलायला पिढ्या मिळतात. गोल झोपड्या आणि शिकार ही त्या बदलाची खूण असेल, किंवा त्या समाजाची आतली घडी मोडल्याची असेल. कोठार कोणाच्या ताब्यात होते, बंधारा फुटल्यावर तो बांधायला माणसे का जमली नाहीत, हे प्रश्न गाळाला विचारता येत नाहीत. त्याच सुमारास विदर्भात माहुरझरी, नायकुंड अशा ठिकाणी लोखंड आणि घोडे बाळगणाऱ्या लोकांची शिळावर्तुळे उभी राहू लागली होती. दख्खनमध्ये त्या वेळी पावसाखेरीज इतरही बरेच काही बदलत होते.

कोरड्या काळातली समृद्धी

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोणारच्या गाळातला दुसरा कोरडा काळ इसवी सनाच्या आरंभापासून चौदाव्या शतकापर्यंतचा आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात या चौदा शतकांत काय काय आहे ते आठवून पाहावे. सातवाहनांचे पैठण आणि तेर, रोमशी व्यापार, नाशिक-जुन्नरची लेणी. पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळी कोरलेली अजिंठ्याची लेणी. आठव्या शतकातले वेरूळचे कैलास. मग चालुक्य, यादव, हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी देवळे, बारवा, आणि अखेर 'लीळाचरित्र' व 'ज्ञानेश्वरी'. खुद्द लोणार गावातले दैत्यसूदनाचे देऊळ आणि विवराच्या आतली, काही तर अगदी पाण्याच्या कडेची देवळे याच काळाच्या उत्तरार्धातली आहेत. तळे ज्या युगात कोरडे होते असे गाळ सांगतो, त्या युगात त्याच्या काठी माणसे दगड घडवत होती.

'पर्जन्यमान घटले आणि वस्ती उठली' हा नियम असता, तर या चौदाशे वर्षांत महाराष्ट्र ओस पडायला हवा होता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. देवळे आणि लेणी राजांनी, व्यापाऱ्यांनी बांधली. त्यांच्या वैभवावरून कुणब्याचे पोट भरले होते असे म्हणता येत नाही. उलट पीक कमी आणि वसुली कडक असेही असू शकते. आक्षेप मला मान्य आहे. गाळात पाऊस आहे, लेण्यात पैसा आहे. पण शेतकऱ्याची भाकर दोन्हींत नाही.

तरी पाण्याची खटपट कुठे कुठे दिसते. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, साधारण तिसऱ्या शतकातला एक दानलेख आहे. भिक्षूंच्या औषधोपचारासाठी दिलेली रक्कम वेगवेगळ्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवल्याचे त्यात सांगितले आहे. कुंभार आणि तेली यांच्याबरोबर त्यात 'ओदयंत्रिक' येतात. अभ्यासकांनी त्यांचा अर्थ पाण्याची यंत्रे करणारे असा लावला आहे. ज्यांच्याकडे ठेवी ठेवाव्यात इतकी पत असलेला पाणीवाल्यांचा संघ तिसऱ्या शतकात नाशिकला होता.

इथेही सावध राहायला हवे. पाणयंत्रे होती म्हणून दुष्काळ होता, असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच वाक्याच्या आहारी जाणे. लेण्यांजवळच्या पाण्याच्या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हणतात. भरपूर पावसाच्या कोकणातही, कान्हेरीला, त्या डझनांनी आहेत. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि माणूस बारा महिने पाणी पितो, एवढे कारण पोढी खोदायला पुरते. कोरडे युग आणि पाणी राखण्याची कला एका काळात दिसतात. त्यांचे नाते अजून सिद्ध करायचे आहे.

दुष्काळ कोणाचा?

गाळाची आणखी एक मर्यादा आहे. लोणारच्या गाभ्यात अकरा हजार वर्षे दहा मीटरांत मावतात. म्हणजे सरासरी एका वर्षाच्या वाट्याला मिलिमीटरभरही गाळ येत नाही. त्यातून पिढ्यांची आणि शतकांची सरासरी कळते. माणूस मात्र सरासरीने मरत नाही. त्याला लागोपाठची दोन वाईट वर्षे पुरतात.

परंपरेने सांगितलेला दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून बारा वर्षांचा मानतात. लोणारच्या गाळात दीर्घ कोरडा काळ त्याच्या आधीच, १३५० च्या सुमारास संपतो. तारखांतली घटवध धरली तरी ही विसंगती विचार करायला लावते. १६३०-३२ च्या दुष्काळात पाऊस गेला हे खरे, पण शाहजहानच्या फौजाही त्याच वेळी दख्खनमध्ये होत्या. तुकोबांच्या घरावर कोसळलेला तो हाच दुष्काळ. १८०३-०४ च्या दुष्काळाचे मुख्य कारण म्हणून दख्खनमधल्या जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअरे होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांच्या लुटालुटीकडे बोट दाखवतात. पिके तुडवली गेली, गावे पळाली, पेरायला कोणी उरले नाही. असा दुष्काळ तळ्याच्या गाळात कसा उमटणार?

याच्या उलट १९७२. पाऊस सपशेल गेला. माझ्या पिढीने सुकडी आणि मिलो यांच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत. खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या हातांना घट्टे पडले होते. हाल झाले, गुरे गेली. पण कामे निघाली, मजुरी मिळाली, धान्य आले, आणि जुन्या दुष्काळांसारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. त्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. हजार वर्षांनी कोणी त्या वर्षांचा गाळ काढला, तर त्याला १९७२ कदाचित दिसेल. लोक का वाचले ते मात्र त्याला कागदांतूनच कळेल.

पाऊस किती पडला हा एक प्रश्न आहे, कोणाला उपाशी राहावे लागले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले की राज्यकर्ता, सावकार, फौज, बंधारा न बांधणारे गाव, सारे सुटतात. सगळा दोष आभाळावर जातो. म्हणून हजारो वर्षांपूर्वीच्या इनामगावच्या बाबतीतही हा घोटाळा मला निरुपद्रवी वाटत नाही.

मामा तलावांची वही

एक व्यवहार्य सूचना करून हा लेख आवरतो.

गाळाची आणि माणसाची साक्ष एकमेकींशी ताडून पाहायची, तर दोन्ही वह्या उपलब्ध असलेला काळ हवा. इनामगावचा कागद नाही, लुणकरणसरचा नाही. गेल्या तीनचारशे वर्षांचा मात्र आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात पेरणी, वसुली, सूट, तगाई, महागाई यांचे मोडी कागद आहेत. पुढे इंग्रजी काळात पावसाच्या नोंदी आहेत. उणीव आहे ती त्याच काळातल्या बारीक थरांच्या गाळाची.

असा गाळ विदर्भात असू शकतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. सरकारदरबारी त्यांना माजी मालगुजारी, म्हणून बोलण्यात 'मामा तलाव' म्हणतात. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेखाली राज्यातल्या तलावांचा गाळ काढून शेतात पसरला जात आहे. योजना चांगली आहे. तलावात पाणी वाढते आणि शेतकऱ्याला सुपीक माती मिळते. भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाच्या काठी मी ट्रॅक्टरांची रांग पाहिली. पोकलेनने कापलेल्या उभ्या कडेवर पट्टे स्पष्ट दिसत होते. संध्याकाळपर्यंत ती कड उरली नाही.

या तलावांची वही लोणारइतकी स्वच्छ नसेल. गाळ काढण्याची रीत जुनीच आहे, काही थर पूर्वीही उपसले गेले असतील. काही तलाव मध्येच फुटले, पुन्हा बांधले गेले. तरी सगळेच तलाव सगळीकडे सारखे उपसले गेले नाहीत. कोपऱ्यात, बांधापासून दूर, न हललेला गाळ मिळण्याची शक्यता आहे. गाळ काढायच्या आधी अशा एका जागी दोन मीटरची प्लॅस्टिकची नळी ठोकायची, ती दोन्ही तोंडांना बंद करायची, कुठले तोंड वरचे ते लिहायचे, गाव, तारीख आणि जागा नोंदवायची, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भूशास्त्र विभागाकडे थंड जागी ठेवायला द्यायची. खर्च एका ट्रॅक्टरच्या फेरीहून फारसा जास्त नाही. तपासणी आज झाली नाही तरी चालेल, नळी थांबेल. शेतात पसरलेला गाळ मात्र परत थरांत बसवता येत नाही.

त्यातल्या दहा नळ्यांतून जरी १८७६ सालचा थर ओळखता आला, तरी पावसाच्या तुटीची खूण गाळात कशी उमटते हे आपल्याला प्रथमच आपल्या मुलखात, साल सांगून दाखवता येईल. मग शेजारी वसुलीचे कागद ठेवता येतील. ते जमले, की इनामगावकडे पुन्हा वळू.